खुब्याचा सांधा व श्रोणी : शस्त्रक्रियोपयोगी शरीररचना

धडाचा भार पायांवर उतरवणारे हाडांचे कडे म्हणजे श्रोणी आणि त्या कड्याला मांडीचे हाड जेथे जोडले जाते तो खुब्याचा सांधा. सांगली, मिरज, कराड या पट्ट्यात ‘खुबा सरकला’ असे सरसकट म्हटले जाते; पण न्हाणीत पाय घसरून पडलेल्या आजीचे मोडलेले हाड, उसाच्या ट्रॉलीवर आदळलेल्या गाडीतील तरुणाचा निखळलेला सांधा आणि वयोमानाने झिजलेली वाटी या तिन्ही गोष्टी त्या एकाच शब्दात येतात. शस्त्रवैद्याला त्या मुळापासून वेगळ्या मानाव्या लागतात, आणि हा वेगळेपणा हाडांपेक्षा त्यांना लगटून जाणाऱ्या रक्तवाहिन्या व नसा अधिक ठरवतात.

श्रोणीचे कडे दोन नितंबास्थी आणि मागील त्रिकास्थी (पाठीच्या कण्याच्या तळाचे त्रिकोणी हाड) मिळून बनते. प्रत्येक नितंबास्थी बालपणी तीन भागांत असते. हे भाग खुब्याच्या वाटीतच एकत्र येतात आणि साधारण चौदा ते सोळा वर्षांच्या सुमारास सांधले जातात. कडे सहसा दोन ठिकाणी फुटते. मागचे अस्थिबंध तुटले, की त्रिकास्थीपुढील शिरांच्या जाळ्यातून होणारा रक्तस्राव बाहेर दिसत नाही, पण आतल्या पोकळीत कित्येक लिटर रक्त साठू शकते. सुश्रुतसंहितेत या भागातील कटीकतरुण मर्माला इजा झाल्यास रक्तक्षयाने मृत्यू येतो, तर कुकुंदर मर्माच्या इजेने शरीराच्या खालच्या भागातील स्पर्शज्ञान व हालचाल जाते, असे सांगितले आहे. रक्त आणि नस हे या जागेचे दोन धोके तेथे नेमके वेगळे केलेले दिसतात. म्हणूनच अपघातस्थळी बांधायचा पट्टा, किंवा तो नसल्यास घडी घातलेली चादर, कंबरेवर न बांधता दोन्ही खुब्यांच्या बाहेर हाताला लागणाऱ्या उंचवट्यांच्या पातळीवर घट्ट बांधावी. वर बांधल्यास कडे मिटत नाही.

मांडीच्या हाडाचा गोळा, त्याखालील मान आणि मानेच्या बुडाशी असलेले दोन उंचवटे यांत शस्त्रवैद्याला सर्वांत महत्त्वाची मान. ती दांड्याशी सुमारे १२५ ते १३० अंशांचा कोन करते आणि थोडी पुढे वळलेली असते. प्रौढ माणसात गोळ्याला मिळणारे रक्त मुख्यतः मांडीच्या आतील बाजूने मागे वळसा घालणाऱ्या धमनीच्या शाखांतून, मानेला चिकटून वर चढत येते. गोळ्याच्या मधोमध असलेल्या अस्थिबंधातील धमनीचा वाटा अल्प असतो. सांध्याचे आवरण पुढून मानेच्या बुडापर्यंत पोहोचते, मागून मात्र मध्यावरच थांबते. या आवरणाच्या आत मान मोडून सरकली, तर या शाखा तुटतात आणि गोळा निर्जीव होण्याचा धोका निर्माण होतो. उंचवट्यांमधून हाड मोडले, तर तेथे रक्तपुरवठा भरपूर असल्याने खिळा किंवा स्क्रू-प्लेट बसवून ते बहुधा जुळते. वृद्धाच्या पहिल्या प्रकारच्या अस्थिभंगात गोळाच बदलतात, तर तरुणाचा मूळ गोळा वाचवण्याची धडपड करतात, त्याचे कारण हेच. दोन्ही प्रकारांत पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतो, म्हणून क्ष-किरण चित्र अपरिहार्य असते. अशा पायाला तेल चोळण्यात किंवा शेक देण्यात गेलेला दिवस, विशेषतः तरुणाच्या बाबतीत, फार महाग पडतो. सांधा मागे निखळला असेल, तर पाय आखूड पण आत वळलेला असतो. तो सहा तासांच्या आत बसवणे इष्ट, कारण तेथेही प्रश्न गोळ्याच्या रक्ताचाच असतो.

मिरजेत विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. अशा महाविद्यालयांच्या शवविच्छेदनगृहांत या भागाबाबत विद्यार्थ्याला नीट शिकावा लागतो तो सायटिक नसेचा, म्हणजे नितंबातून मांडीच्या मागून पायात उतरणाऱ्या नसेचा, मार्ग. ही जाड नस नितंबाच्या आत असलेल्या पिरिफॉर्मिस स्नायूच्या खालून बाहेर पडते, आणि काही व्यक्तींत तिचा एक भाग त्या स्नायूला भेदून जातो. मागून सांधा उघडताना गुडघा वाकवून ठेवल्याने नस सैल पडते. मांडी बाहेर फिरवणारे आखूड स्नायू त्यांच्या टोकाशी कापून मागे वळवले, की त्यांचाच तिला आडोसा मिळतो. बाजूने सांध्याकडे जाताना वरच्या उंचवट्याच्या टोकापासून वर सुमारे ५ सेंटिमीटरपलीकडे स्नायू चिरू नये, कारण तेथून नितंबाची वरची नस जाते आणि ती दुखावल्यास चालताना कंबर दुसऱ्या बाजूला झुकते. पुढून जाणारी वाट दोन स्नायूंमधून मोकळी मिळते, पण मांडीच्या बाहेरील त्वचेची नस तिच्या तोंडाशीच असते.

कृत्रिम वाटी स्क्रूने घट्ट करताना मागचा-वरचा भाग त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात. पुढच्या-वरच्या भागातून स्क्रू पलीकडे गेल्यास तो थेट श्रोणीतून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या इलियाक रक्तवाहिन्यांवर रोखला जातो. मागून बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या रुग्णाला सुरुवातीचे काही आठवडे उकिडवे बसू नका, बुटक्या पाटावर बसू नका, पायावर पाय टाकू नका, असे सांगतात. खुबा ९० अंशांपलीकडे वाकून मांडी आत वळली, की गोळा मागे, म्हणजे नुकत्याच शिवलेल्या बाजूलाच, निसटतो.