मारुतीच्या कमरेला किती क्युसेक?

ऑगस्टात झड लागली की पंचवटीतल्या आत्याला फोन लावायचा. "कुठपर्यंत आलंय?" "गुडघ्याला." कुणाच्या, हे नाशिककराला सांगावं लागत नाही. रामकुंडाजवळ गोदावरीच्या पात्रातच उभा असलेला दुतोंड्या मारुती ही आमची पूर मोजायची पट्टी. गुडघा, कंबर, छाती, गळा, एवढ्या खुणा पुरतात. जुन्या लोकांचं आणखी एक माप होतं, काठाजवळच्या जुन्या सरकारवाड्याची पायरी. तिला पाणी लागलं की महापूर.

शहराच्या वरच्या अंगाला, गोदावरीवरच, गंगापूरचं मातीचं धरण 1965 मध्ये पूर्ण झालं. म्हणून पूर काही थांबला नाही, चारच वर्षांनी 1969 चा आला. आता धरणातून किती पाणी सोडलं याचा आकडा मोबाइलवर येतो, क्युसेकमध्ये. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. 10,000 क्युसेक सोडले म्हणजे दहा हजार लिटरचे टँकर दर सेकंदाला 28 रिकामे झाले. होळकर पुलाखालचा, म्हणजे जुन्या व्हिक्टोरिया पुलाखालचा आकडा बहुधा याहून मोठा असतो, कारण मधले ओढे-नाले धरणाच्या दारातून येत नाहीत!

आता गंमत बघा. विसर्ग, म्हणजे सेकंदाला वाहणारं पाणी, दुप्पट झाला की मारुती दुप्पट बुडत नाही. खोली वाढली की पाण्याचा वेगही वाढतो. तळाशी घासून मंदावणाऱ्या पाण्याचा वाटा त्यात कमी होतो ना. रुंद पात्रात खोली दुप्पट झाली तर विसर्ग तिपटीच्याही वर जातो. म्हणजे गुडघ्यापासून कमरेपर्यंत चढायला जेवढं जादा पाणी लागतं, त्याहून बरंच जास्त पुढच्या तेवढ्याच उंचीला लागतं. त्यात नदी काठ सोडून सराफ बाजारात, भांडी बाजारात पसरली की पातळी आणखी सावकाश चढते. दुकानदाराला मात्र तेव्हा माल माळ्यावर चढवायची घाई असते.

आणि पट्टी तीच असली तरी पात्र तेच राहिलेलं नाही. घाट वाढले, कुंडांत काँक्रीट पडलं. काँक्रीट गुळगुळीत, त्यावरून पाणी पळतं, पण तळ वर आला की वाट अरुंद होते. आत्या अजून 'कमरेला' म्हणते, पण आजच्या कमरेचं पाणी 1969 च्या कमरेएवढंच असेल असं नाही.