हलकं पान कुणाला काही सांगत नाही

समजा, जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याच्या बारवेवर कुणी हजारेक शब्दांचा लेख लिहिला आणि स्वतःच्या वेबसाइटवर टाकला. त्या मजकुराचं वजन किती भरेल? प्रत्येक अक्षर-चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘परभणी’ या शब्दात काना-वेलांट्यांसह ५ चिन्हं, म्हणजे १५ बाइट. या हिशेबाने हजार शब्दांचे साधारण १८ केबी होतात. इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरतो, म्हणून मराठी पान तिप्पट जड असं म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. त्या ३ बाइटांतला पहिला कायम तोच असतो आणि दुसऱ्याच्या दोनच किमती संभवतात. असा तोच-तोपणा दाबून टाकणं हेच कॉम्प्रेशनचं काम. सर्व्हर, म्हणजे वेबसाइटच्या फाइली ठेवणारा संगणक, मजकूर बहुधा दाबूनच पाठवतो, त्यामुळे तारेवरून जेमतेम पाच-सहा केबी जातात.

तरीही हे पान बालाघाटाच्या एखाद्या वळणावर, एसटीत बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर उघडता उघडत नाही. कारण लेखासोबत थीम येते. थीम म्हणजे पानाचा साचा: रंग, फॉन्ट, मेनू, मांडणी. फुकट मिळणाऱ्या देखण्या थीममध्ये बरंच काही गुपचूप बांधून दिलेलं असतं. बाहेरचा फॉन्ट, छोट्या चिन्हांचा अख्खा संच, वाचक मोजणारी स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा प्रोग्राम), शेअरची बटणं. एकाला जेवायला बोलवावं आणि त्यानं येताना आणखी चौघांना आणावं, तशी एक स्क्रिप्ट दुसऱ्या दोन स्क्रिप्टना घेऊन येते. आजचं मध्यम वजनाचं वेबपान २ एमबीच्या वर जातं ते यामुळेच.

हे पाहुणे नुसते जड नसतात, ते बघतातही. ब्राउझर ज्या सर्व्हरकडून फाइल मागतो त्याला आपला आयपी पत्ता द्यावाच लागतो, नाहीतर उत्तर कुठे पाठवणार? सोबत ब्राउझरचं नाव-आवृत्ती आणि साधारणपणे ‘मी अमुक वेबसाइटवरून आलो’ हेही जातं. म्हणजे बारवेवरचा लेख वाचणाऱ्याची वर्दी, फॉन्ट ठेवणाऱ्या परदेशी कंपनीलाही पोचते. काही ठिकाणी तर १ गुणिले १ पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं चित्र फक्त ही वर्दी मिळावी म्हणून ठेवलेलं असतं. म्हणून हलकी थीम आणि वाचकाची खासगी बाब जपणारी थीम ही दोन वेगळी कामं नाहीत. बाहेर जाणारी प्रत्येक विनंती तोडली की दोन्ही साधतात.

वेळेचा हिशेबही बघण्यासारखा आहे. नव्या सर्व्हरशी बोलायचं तर आधी डीएनएसकडून, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतून, त्याचा पत्ता घ्यायचा, मग डेटाची ने-आण सांभाळणाऱ्या टीसीपीची जोडणी, मग कुलूपबंद संवादासाठी टीएलएस. पहिला खरा बाइट मागण्याआधीच तीन फेऱ्या. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, तेव्हा जाऊन-येऊन एका फेरीला १२५ मिलिसेकंद तरी लागणारच. कितीही महागडा प्लॅन घेतला तरी. वर मोबाइल टॉवरचा विलंब वेगळा. जवळचा सर्व्हर असला की हे कमी होतं, शून्य होत नाही.

आणखी एक बारकावा. टीसीपी सुरुवातीला सावध असतं. समोरची वाट किती रुंद आहे ते माहीत नसल्याने पहिल्या झपाट्यात ते डेटाची साधारण १० पाकिटंच सोडतं, आणि पोचल्याची पावती आल्यावर प्रमाण वाढवतं. १० पाकिटं म्हणजे सुमारे १४ केबी. आपला लेख पाच-सहा केबीचा आहे. थीमची सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणारा मजकूर, उरलेल्या आठ केबीत बसवून पानातच ठेवली, तर पहिल्याच झपाट्यात वाचण्याजोगं पान पोचतं.

यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. १९९१ साली सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी सुरू केलेली पहिली वेबसाइट साध्या, तयार फाइलींचीच होती. आज जेकिल किंवा ह्यूगो ही साधनं हेच करतात: पानं आपल्या संगणकावर एकदाच तयार होतात आणि सर्व्हर ती जशीच्या तशी देतो. डेटाबेस नाही, लॉगिन नाही.

मराठी पानात खरी मेख फॉन्टमध्ये आहे. इंग्रजी फॉन्टला दोनेकशे आकृत्यांत भागतं. देवनागरीला जोडाक्षरं, रफार, मात्रांच्या जागा मिळून शेकडो आकृत्या लागतात. त्यामुळे फाइल इंग्रजीच्या कित्येक पट होते, आणि ठळक वळण हवं असेल तर दुसरी फाइल. पूर्वी सांगितलं जायचं की लोकप्रिय फॉन्ट गूगलवरून घ्या, वाचकाच्या ब्राउझरमध्ये तो दुसऱ्या कुठल्या वेबसाइटमुळे आधीच साठलेला असेल. २०२० मध्ये क्रोमने आणि २०२१ मध्ये फायरफॉक्सने हा साठा वेबसाइटनिहाय वेगळा केला. सफारीने त्याच्याही आधी. तो फायदा संपला, वर्दी मात्र जातेच. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने याच कारणावरून एका वेबसाइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली: गूगलचा फॉन्ट लावल्यामुळे वाचकाचा आयपी पत्ता त्याच्या संमतीशिवाय गूगलकडे गेला होता.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फॉन्ट पाठवायचाच नाही. अँड्रॉइडमध्ये नोटो, विंडोजमध्ये निर्मला, आयफोनमध्ये कोहिनूर ही देवनागरी वळणं आधीच बसवलेली असतात. माझ्या मते वाचनाच्या पानाला एवढं पुरेसं आहे. स्वतःचाच फॉन्ट हवा असेल तर मुक्त परवान्याचा घ्यावा, वॉफ-२ या दाबलेल्या फॉन्ट-फाइलीच्या प्रकारात आपल्याच सर्व्हरवर ठेवावा आणि नको त्या आकृत्या काढून लहान करावा. पण कात्री जपून चालवावी. जोडाक्षरांना युनिकोडमध्ये वेगळे क्रमांक नसतात; ती फॉन्टच्या आतल्या तक्त्यांतून घडतात. तक्ते छाटले गेले तर ‘क्ष’चा ‘क्‌ष’ होतो. हिंदीच्या हिशेबाने छाटलेल्या फॉन्टमध्ये नुक्ता असलेला ‘ऱ’ राहून गेला की ‘दऱ्या’ आणि ‘कुऱ्हाड’ मोडतात. चाचणीसाठी ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’, ‘ॲप’, ‘बाळ’, ‘ज्ञान’ हे शब्द टाकून बघावेत.

थीम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रोमन लिपी असते, हे मथळ्यांवर लगेच कळतं. अक्षरांत अंतर वाढवणारी एक ओळ सीएसएसमध्ये असते; इंग्रजीत ती ऐटदार दिसते, मराठीत शिरोरेघेचे तुकडे पाडते. ती शून्य करावी. ओळींमधलं अंतर दीडपटीच्या पुढे न्यावं, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. पानाची भाषा बहुधा इंग्रजी नोंदवलेली असते. तिथे मराठीचा ‘एमआर’ हा संकेत लिहावा. नोटोसारख्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं आत दडलेली असतात, ती या संकेताने बाहेर येतात. पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही उच्चार कोणत्या भाषेचे करायचे ते यावरून कळतं.

फोटोंचं थोडक्यात. मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. रुंदी बाराशे पिक्सेल करून वेबपी या हलक्या चित्र-प्रकारात ठेवला की बहुधा दोनशे केबीच्या आत येतो. फोटोच्या फाइलीत जागेचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. वालूरच्या चक्राकार बारवेचा पत्ता सगळ्यांना ठाऊक आहे, पण घराच्या ओसरीवर काढलेल्या फोटोचा पत्ता जगाला कशाला द्यायचा? लहान करतानाच ही माहिती पुसावी. व्हिडिओ पानात बसवला तर त्याची चौकट प्ले दाबण्याआधीच पाचशे केबीहून जास्त स्क्रिप्ट ओढू शकते; त्यापेक्षा आपल्याच सर्व्हरवरचं एक चित्र आणि त्यावर दुवा बरा. शेअरच्या बटणांचंही तेच, साधा दुवा पुरतो. वाचक मोजायचेच असतील तर सर्व्हरच्या नोंदवहीतून ढोबळ आकडा मिळतो.

सगळं काढल्यावरही थीमच्या पुढच्या आवृत्तीत काहीतरी परत घुसू शकतं. त्यासाठी ब्राउझरमध्येच पहारा आहे, नाव ‘कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी’. ‘फक्त माझ्याच डोमेनवरून (वेबसाइटच्या पत्त्यावरून) फाइली आण’ अशी एक ओळ दिली की ब्राउझर बाहेरची प्रत्येक विनंती स्वतःच अडवतो. हा पहारा कडक आहे: पानातच लिहिलेली सीएसएसही अडते, त्यामुळे मघाची आठ केबीची युक्ती वापरायची तर तिची हॅश (मजकुरावरून निघणारी ठशासारखी खूण) त्या ओळीत द्यावी लागते.

पडताळणी संगणकावर करावी. एफ-१२ दाबून ‘नेटवर्क’ उघडायचं आणि पान पुन्हा लोड करायचं. आलेल्या फाइलींची यादी, प्रत्येकीचं वजन आणि डोमेन समोर दिसतं. आपल्याखेरीज दुसरं डोमेन दिसलं तर त्याचं नाव थीमच्या फोल्डरमध्ये शोधावं. बहुतेक वेळा ती ओळ ‘हेड’ किंवा ‘फूटर’ नावाच्या फाइलीत सापडते.