सोलर वॉटर पंपाचं प्रेशर काढताना आधी 273 मिळवा

आमच्याकडून काळा ड्रम, झडप आणि पाइपचा सेट नेऊन घरीच सोलर पंप बनवणाऱ्यांसाठी हे पान आहे. पंप कसा चालतो ते तुम्हाला माहितीच आहे, उन्हाने ड्रममधली हवा तापते, फुगते आणि पाण्याला वरच्या टाकीत ढकलते, संध्याकाळी गार झाली की खालच्या हौदातून पाणी ओढून घेते, ना मोटर ना पॅनल. पण रोज दोन तरी फोन एकाच प्रश्नाचे येतात, "एवढ्या टेम्परेचरला प्रेशर किती येणार?"

मागच्या उन्हाळ्यात दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार पिकअपमध्ये ड्रम टाकून नाशिकच्या अंबडला आमच्या वर्कशॉपला आले, म्हणाले लीक आहे, पाणी चढतच नाही. आम्ही ड्रममध्ये हवा भरली, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही. त्यांची आणि आमची दोघांची अख्खी दुपार गेली. मग दादांनी खिशातून औषधांच्या बिलाचा कागद काढला, त्याच्या मागे पेनाने लिहिलेलं होतं, 60 भागिले 30 बरोबर 2. म्हणजे 30 डिग्रीची हवा 60 ला गेली की प्रेशर दुप्पट, म्हणजे पाणी साडेनऊ मीटर चढणार! ड्रम चांगला होता, चूक ह्या भागाकारात होती, आणि परत येणाऱ्या बहुतेक ड्रमांची गोष्ट हीच असते.

गे-ल्युसॅकचा नियम बारावीपर्यंत सायन्स केलेल्यांना आठवत असेल, जागा तेवढीच असेल तर वायूचं प्रेशर टेम्परेचरच्या प्रमाणात वाढतं, पण हे टेम्परेचर केल्विनमध्ये घ्यायचं असतं. सेल्सिअसचा शून्य म्हणजे फक्त पाण्याचा बर्फ व्हायची जागा, उष्णता काही तिथे संपत नाही, केल्विनचा शून्य त्याच्याही 273 डिग्री खाली असतो. म्हणून आधी 273 मिळवा, मग भागा. 30 चे झाले 303, 60 चे 333, भागाकार येतो 1.10. दुप्पट नाही, फक्त दहा टक्के वाढ.

आणि ही दहा टक्के कशाची, तर गेजवरच्या आकड्याची नाही. गेज उघड्या हवेत शून्य दाखवतो पण तेव्हाही ड्रममध्ये बाहेरच्या हवेइतकं प्रेशर असतंच. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्याकडे ते 1 बारपेक्षा (बार हे प्रेशरचं माप) थोडं कमी, साधारण 0.94 बार धरा. त्याचे दहा टक्के 0.093 बार, आणि 1 बारला पाणी 10.2 मीटर चढतं ह्या हिशोबाने 95 सेंटिमीटर. कोरड्या हवेवर पाणी कमरेच्या वर फार जात नाही, हे आम्ही विकायच्या आधीच सांगतो, नंतर वाद नको.

मग आमचे पंप ह्यापेक्षा जास्त कसे चढवतात, तर वाफेमुळे. ड्रममध्ये पाणी असतं, आणि पाण्याच्या वाफेचं स्वतःचं प्रेशर 30 डिग्रीला 0.042 बार असतं ते 60 ला 0.199 होतं, म्हणजे जवळजवळ पाचपट. म्हणून वाफ आधी बाजूला काढायची, 0.94 मधून 0.042 गेले की कोरडी हवा 0.898, तिला 1.10 ने गुणायचं, 0.987, त्यात 60 ची वाफ 0.199 मिळवायची, 1.186. बाहेरचे 0.94 वजा केले की 0.246 बार, म्हणजे अडीच मीटर. पण ही वाफ पूर्ण तयार झाली तरच, नुसत्या ड्रममध्ये पाणी खाली गार राहतं आणि हवा वर तापते. म्हणूनच आम्ही काळ्या पत्र्याला आतून गोणपाट लावून त्याचं टोक पाण्यात सोडतो. काही जण ते काढून टाकतात, कुजेल म्हणून. कृपा करून काढू नका, वर्षाला बदला, आमच्याकडे कापून तयार मिळतं.

हा अडीच मीटरचा आकडा पाणी अजून हललेलंच नाही असं धरून आहे. पाणी बाहेर गेलं की हवेला जागा वाढते आणि प्रेशर उतरतं. 200 लिटरचा ड्रम अर्धा भरलेला असेल तर एका दिवसात 1 मीटरवर सतराएक लिटर जातं, 2 मीटरवर पाचच. कुंड्या, रोपवाटिका, परसातली भाजी एवढ्यासाठी हा पंप छान आहे. विहीर दहा मीटर खोल असेल तर आमच्याकडे येऊ नका, पॅनलवाला पंपच घ्या, आम्ही स्वतः तसंच सांगून गिऱ्हाईक परत पाठवतो.

ड्रमच्या वरची हवेची चावी उजाडायच्या आत बंद करा. दहा वाजता ड्रम 45 डिग्री झाल्यावर बंद केली तर 60 पर्यंत जाऊन जेमतेम दीड मीटर मिळतो, कारण कामाचा असतो तो फरक. म्हणून थंडीत निराश होऊ नका, सकाळी 10 डिग्री आणि दुपारी ड्रममध्ये 50 झाले तरी हिशोब अडीच मीटरच्या जवळच येतो.

टेम्परेचर बाहेरून पत्र्यावर मोजू नका, पत्रा 70 दाखवतो तेव्हा आतली हवा बरीच कमी असू शकते. त्यासाठी ड्रमला बाजूने नळी दिलेली आहे, थर्मामीटर तिच्यात घाला. आणि बाजारातला स्प्रिंगवाला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच बाजूला जाऊ देणारी झडप, बसवू नका, स्वस्त असतो पण स्प्रिंग उघडायलाच आपल्या एवढ्याशा प्रेशरमधला बराच भाग खर्च होतो. आमची हलकी फडकीची झडप थोडी महाग पडते, ती ह्याचसाठी. सेफ्टी व्हॉल्व्हला एम-सील लावून बंद करणं तर अजिबात नको, हा पातळ पत्र्याचा ड्रम आहे, सिलिंडर नाही. हौदातला पाइप पाण्याबाहेर राहिला की संध्याकाळी नुसती हवा ओढली जाते, आणि तोच पाइप गाळाने बुजला तर गार होताना ड्रम आत चेपतो. असे चेपलेले दोन ड्रम वर्कशॉपच्या दारात ठेवलेत, येऊन बघा.

हिशोब जमत नसेल तर चार आकडे घेऊन या किंवा फोनवर सांगा, सकाळचं टेम्परेचर, दुपारचं आतलं टेम्परेचर, ड्रममध्ये पाणी किती, आणि टाकी किती उंच. प्रेशर आणि लिटर आम्ही काढून देतो, त्याचे पैसे घेत नाही, ड्रम दुसरीकडून घेतला असला तरी.