सोलापुरात कृषी परिषदेला कोण जातं, कोण टाळतं

द्राक्षवाला पैसे भरून परिषदेला जातो आणि ज्वारीवाल्याला घरपोच बोलावणं आलं तरी तो रानातच राहतो. सोलापूर जिल्ह्यात हे सर्रास दिसतं. त्यावरून एकाला पुढारलेला आणि दुसऱ्याला मागासलेला ठरवणं मला साफ चुकीचं वाटतं. ज्याच्या पिकाची अडचण तिथं सुटली तो जात राहिला. ज्याची सुटली नाही त्याने पाठ फिरवली.

याची मुळं इंग्रज अमदानीत आहेत. 1933 मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं आणि त्याच काळात ‘मुंबई पद्धत’ पुढे आली. समपातळीचे (उताराला आडवे) बांध, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट, एकरी कमी बियाणं, ओळींत जास्त अंतर आणि वारंवार कोळपणी (ओळींमधली माती हलवून तण काढणं), असं तिचं स्वरूप. जमिनीत ओल धरून ठेवण्याचं हे शास्त्र खरंच होतं. पण खोल नांगरटीला बैलांच्या जास्तीच्या जोड्या लागत आणि भारी काळ्या रानात बांधाच्या कडेला पाणी तुंबून पीक पिवळं पडे. कोळपणी तर इथला शेतकरी आधीपासूनच करत होता. सभेत ऐकलेलं रानात उतरत नाही, हा समज घराघरांत बसला तो असा.

ज्वारीवाल्याने शास्त्र नाकारलं, असं मात्र कुणी म्हणू नये. मालदांडी 35-1 हे ज्वारीचं वाण मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतूनच निवडलं गेलं आणि शेतकऱ्याने ते उचलून धरलं, कारण भाकरी आणि कडबा दोन्ही त्याच्या पसंतीचे होते. पुढे फुले वसुधा, फुले सुचित्रा ही नवी वाणं आली, तरी मंगळवेढ्याच्या रानात मालदांडीचं नाव अजून पहिलं निघतं.

द्राक्षाची गोष्ट निराळी. या बागेत एक फवारणी चुकली तर वर्षाचं कर्ज अंगावर येतं. सोलापूरजवळच्या नान्नजचे द्राक्ष बागायतदार नानासाहेब काळे यांनी सोनाका, शरद सीडलेस यांसारखी वाणं आपल्याच बागेतून निवडून काढली, त्यामुळे इथं शिकवणारा आणि शिकणारा एकाच बांधावरचे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाचं वार्षिक अधिवेशन पुण्यात साधारण ऑगस्टमध्ये, ऑक्टोबर छाटणीच्या आधी भरतं. ही वेळ फार मोलाची. पानदेठ परीक्षणाचा (पानाच्या देठातली अन्नद्रव्यं तपासल्याचा) कागद खिशात घालून आलेला माणूस घड का जिरतात, म्हणजे धरण्याआधीच का नाहीसे होतात, डावणी या बुरशीजन्य रोगावर काय मारायचं, हे विचारतो आणि उत्तर दोन महिन्यांत वापरतो. ज्वारीवाल्याला बोलावणं येतं ते डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा रान राखायचं असतं, काढणी तोंडावर असते आणि मजूर मिळत नाहीत. वर मेळाव्यात हार-तुरे आणि सत्कारात दुपार जाते, प्रश्नांना उरतात पाच-दहा मिनिटं. काढणीचा सगळा भार वाहणाऱ्या बायांना तर बहुतेकदा बोलावणंच नसतं.

डाळिंबवाला या दोघांच्या मधे आहे. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि सांगोल्याच्या माळावर डाळिंब पसरलं. मग तेल्या हा डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग आला. 2005 मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभं राहिलं, तेव्हा चर्चासत्रांना झुंबड उडू लागली. पुढे खोडकिडीने बागाच्या बागा काढायला लावल्या आणि काहींचा हुरूप ओसरला. इतकी सत्रं ऐकूनही ज्याने हाताने झाडं उपटली, त्याला दोष कसा द्यायचा?

ऊस उत्पादकाला तर शास्त्रापेक्षा दराची ओढ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या जयसिंगपूरला शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते; तिथं पहिली उचल, म्हणजे उसाच्या दराचा पहिला हप्ता, किती मागितली, हे उजनी धरणाच्या लाभक्षेत्रातला माणूस हंगामाच्या तोंडावर आवर्जून विचारतो. पाचट (उसाची वाळलेली पानं) कुजवण्यावरच्या व्याख्यानाला तोच फिरकत नाही. एकरी टन वाढले तरी दर हातात नसेल तर नफा दुसऱ्याचा, हा त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

ज्वारीवाल्याचं मागणं आजही साधं आहे: त्याच्या रानात चालणारं, कडबा न मोडता काढणी करणारं यंत्र त्याला बघायचंय, तेही पेरणीच्या आधी आणि गावातच.