पोराचं हाफ तिकीट आणि पोराचा बर्थ

मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं निघायला लागली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज पडतो. "कोकणकन्या एक्स्प्रेसचं बुकिंग झालं पण मुलाला सीट नंबरच आला नाही, काय झालं असेल?" अहो काही झालेलं नाही, तुम्ही जे मागितलंत तेच मिळालंय.

वयाचं आधी उरकते कारण ते सगळ्यांना पाठ असतं. ५ वर्षांच्या आतलं पोर फुकट, १२ पूर्ण झाली की मोठ्या माणसाचं भाडं. ऑगस्ट २०२२ मध्ये वर्षाच्या बाळालाही फुल तिकीट अशी बातमी फिरली होती, रेल्वेने तेव्हाच खुलासा केला की बाळाला वेगळा बर्थ हवा असेल तरच. तरी काकालोकांचं फॉरवर्ड चालूच आहे.

खरा घोळ ५ ते ११ च्या पोरांचा. २१ एप्रिल २०१६ च्या आधी हाफ तिकिटात पोराला अख्खा बर्थ मिळायचा, आपण सगळे तसेच आजोळी गेलोय, म्हणून डोक्यात तेच बसलंय. त्या तारखेपासून दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. हाफ काढलं तर पोराला गाडीत चढता येतं, बस्स. बर्थ नाही, तिकिटावर सीट नंबरच्या जागी एनओएसबी येतं, म्हणजे सीट नाही, बर्थ नाही, आणि ते वेटिंग नाहीये की चार्ट लागल्यावर कन्फर्म होईल! बर्थ हवा असेल तर मोठ्या माणसाएवढंच पूर्ण भाडं. अर्ध्या पैशात बर्थ हा प्रकारच उरलेला नाही. आणि "हाफ बंद झालं" म्हणणारेही चूकच, हाफ आहे, फक्त बर्थशिवाय आहे. (हे सगळं स्लीपर आणि थ्री एसीचं, चेअर कारचं गणित निराळं.)

गोंधळ होतो कारण बाकी सगळीकडे हाफ म्हणजे नुसतं हाफ. ठाण्याहून लोकलने राणीबागेत जाताना सीटचा प्रश्नच नसतो, एसटीत पोरगं हाफमध्ये खिडकी पकडून बसतं, आणि मार्च २०२३ पासून तर एसटीत आईचंही हाफच.

आम्ही स्वतः एकदा हा शहाणपणा केलाय. लेक ८ वर्षांची, धाकटा ४ चा, चौघांत बर्थ दोन, त्यातला एक अप्पर. ठाण्याला गाडी येईपर्यंत मध्यरात्र व्हायला आलेली, पोरं पेंगुळलेली, मी धाकट्याला घेऊन खाली आणि नवरा लेकीला घेऊन वर, ती पडेल म्हणून त्याने रात्रभर एक पाय साखळीत अडकवून ठेवला. कुडाळला उतरलो तेव्हा त्याची मान एका बाजूलाच वळत होती आणि पुढचे दोन दिवस मामाच्या ओटीवर तो फक्त झोपला. वाचवले किती, तर एका बर्थचं अर्धं भाडं. मालवणात एका थाळीत गेलं असतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, रात्रीची गाडी असेल तर ५ च्या वरच्या पोराला बर्थ घ्याच. धाकटं आईजवळ मावतं, आठ वर्षांचं झोपेत लाथा मारतं. दिवसाच्या मांडवी एक्स्प्रेसला मात्र हाफ चालतं, पोरं तशीही एका जागी बसत नाहीत, खिडकी आणि बटाटेवडा यातच त्यांचा दिवस जातो.

हाफ काढून दुसऱ्याच्या लोअर बर्थवर "लहान मूल आहे, जरा अ‍ॅडजस्ट करा ना" करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. त्याहून राग येतो तो टीसी आला की सात वर्षांच्या पोराला "चार सांग हं" शिकवणाऱ्यांचा. ते पोर हमखास वर सांगतं, मी दुसरीत आहे.

बुकिंग आता ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं आणि कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात, त्या घाईतच चूक होते. पोराचं वय टाकलं की बर्थ हवा का नको तेही विचारतात, तिथे दोन सेकंद थांबा. नंतर आठवलं तर गाडी तोवर फुल झालेली असते, आणि मग तुम्ही ग्रुपवर मेसेज टाकता.