दातांची घडण : जनुके आणि परिस्थिती

गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात, होऊ घातलेल्या जबड्याच्या कडेने उपकला पेशींची (पृष्ठभागावरील आवरणाच्या पेशींची) एक पट्टी जाड होते आणि तिच्यावर ठरावीक जागी दातांचे अंकुर फुटतात. अंकुर, टोपी आणि घंटा अशा अवस्थांतून जाताना दाताचा आकार ठरतो. वरच्या उपकला पेशी इनॅमल, म्हणजे दातावरचे कठीण कवच, बनवतात. खालच्या मध्योतक (आधार-ऊतीच्या) पेशींपासून डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा कठीण थर, आणि आतला गर तयार होतो. हे दोन थर संकेत देणाऱ्या प्रथिनांद्वारे सतत एकमेकांना सूचना देत असतात.

दातांची संख्या आणि आकार यांवर जनुकांची पकड घट्ट असते. पॅक्स९ या जनुकात दोष असला तर बहुधा दाढा येत नाहीत, एमएसएक्स१ या जनुकात असला तर दुसऱ्या उपदाढा आणि अक्कलदाढा. रन्क्स२ या जनुकातील दोषाने उलट जादा दात तयार होतात व हाडात अडकून राहतात. तरीही एकाच घरात, अगदी एकरूप जुळ्या भावंडांतही, न आलेल्या दातांची संख्या आणि जागा वेगळी असू शकते.

इनॅमलची गोष्ट निराळी. ते बनवणाऱ्या पेशी दात उगवताना नष्ट होतात, त्यामुळे त्यात राहिलेला दोष शरीर पुन्हा कधीच दुरुस्त करत नाही. या पेशी आधी प्रथिनांचा साचा रचतात आणि मग त्यातली प्रथिने काढून खनिज भरतात. साचा रचताना अडथळा आला तर इनॅमल पातळ राहते किंवा त्यावर खड्डे पडतात. खनिज भरताना आला तर जाडी पुरेशी असते, पण इनॅमल पांढरट-पिवळे, सच्छिद्र राहते आणि चावताना त्याचे तुकडे उडतात. फ्लोरोसिस (जादा फ्लोराइडमुळे होणारा दोष) मुख्यतः या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

दोष दुरुस्त होत नसल्याने दातावरच्या डागाची जागा अडथळा केव्हा आला ते सांगते. म्हणून डाग कसा आहे यापेक्षा तो कुठे आहे, हे आधी पाहावे. पहिल्या कायमच्या दाढांत खनिज भरायला जन्माच्या सुमारास सुरुवात होते, पटाशीच्या दातांत त्यानंतर काही महिन्यांनी. या दोन्हींवर, डाव्या-उजव्या बाजूंना एकाच पातळीवर आडवा पट्टा दिसला तर बाळपणीचा गंभीर आजार किंवा कुपोषण यांची चौकशी करावी. एकच कायमचा दात बिघडला असेल, तर त्याच जागच्या दुधाच्या दाताला मार लागला होता का, मुळाशी पू झाला होता का, हे विचारावे. दुधाचे आणि कायमचे असे जवळपास सगळेच दात बाधित असतील, नात्यातही तसेच दात असतील, तर आनुवंशिक दोषाची शक्यता मोठी. एक्स गुणसूत्रावरील अ‍ॅमेलोजेनिन या इनॅमलच्या साच्यातील प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर मुलग्यांचे इनॅमल सरसकट बिघडते. मुलींच्या दातांवर मात्र चांगल्या-वाईट इनॅमलचे उभे पट्टे दिसतात, कारण त्यांच्या काही पेशींत एक एक्स चालू असतो, काहींत दुसरा.

टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घडणाऱ्या डेंटिन-इनॅमलमधील कॅल्शियमला चिकटते, म्हणून गरोदरपणाच्या उत्तरार्धात आणि वयाच्या 8 वर्षांपर्यंत ते सहसा टाळतात. लहान वयात जबड्यावर किरणोपचार झाल्यास दातांची मुळे आखूड राहतात. असे दात तारा लावून सरकवण्यापूर्वी एक्स-रे पाहणे आवश्यक असते.