मतदार नोंदणी व मतदानाचे प्रमाण, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मतदार यादीत आपले नाव घालून घेण्याची जबाबदारी परंपरेने नागरिकावर राहिली आहे. भारतात यादी तयार करणे हे निवडणूक आयोगाचे काम असते आणि त्यासाठी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरोघर फिरतो. अमेरिकेत निवडणुकांचा कारभार राज्ये आणि काउंट्या (जिल्ह्यासारखे स्थानिक विभाग) पाहतात, नियमही राज्यागणिक बदलतात, आणि घर बदलले की बहुतेक ठिकाणी नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी करावी लागते. म्हणूनच तेथील मतदानाचा टक्का हे लोकांच्या राजकीय आस्थेचे माप मानणे हा त्या मतदारांवर अन्याय ठरतो.

1876 च्या अध्यक्षीय निवडणुकीत पात्र मतदारांपैकी सुमारे 82 टक्के लोकांनी मतदान केले होते; 1924 पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरले. या काळात नोंदणीचे कायदे आले. बोगस मतदान रोखणे हे त्यांचे सांगितले जाणारे कारण होते, पण त्यांची झळ विशेषतः शहरांतील कामगारांना आणि नव्याने आलेल्या स्थलांतरितांना बसली. दक्षिणेकडील राज्यांत तर साक्षरता चाचणी, मतदान कर आणि धाकदपटशा यांच्या जोरावर कृष्णवर्णीयांना यादीबाहेरच ठेवण्यात आले.

अलाबामा राज्यातील सेल्मा येथे 1960 च्या दशकाच्या प्रारंभी हा अडसर कसा चाले, ते पाहण्यासारखे आहे. नोंदणी कार्यालय महिन्यातून दोनच सोमवारी उघडे असे. रांगेत तासन्‌तास उभे राहून आत पोहोचलेल्या कृष्णवर्णीय अर्जदाराला लांबलचक अर्ज भरावा लागे, राज्यघटनेवरील प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत, आणि तो उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे ठरवणारे अधिकारी गोरेच असत. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे, तेथील मतदानयोग्य वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी यादीत नाव असलेले जेमतेम 2 टक्के होते. 7 मार्च 1965 रोजी सेल्मातील एडमंड पेटस पुलावर मतदानाच्या हक्कासाठी शांततेने निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधुराचा मारा केला. ती दृश्ये दूरचित्रवाणीवरून घरोघरी पोहोचली, लोकमत ढवळून निघाले आणि त्याच वर्षी 6 ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची सही झाली. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या नोंदणीचे प्रमाण दोनच वर्षांत सुमारे 7 टक्क्यांवरून 60 टक्क्यांच्या जवळ गेले. या लोकांना मतदानाची आवड नाही, हा जुना युक्तिवाद किती पोकळ होता, हे या एका आकड्याने दाखवून दिले. भेदभावाचा इतिहास असलेल्या प्रदेशांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची संमती घेणे या कायद्याने भाग पाडले होते. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे प्रदेश ठरवण्याचे सूत्रच रद्द केल्याने ती तरतूद निष्प्रभ झाली.

पुढे 1971 मध्ये मतदानाचे वय 18 झाले. 1993 च्या कायद्याने वाहन परवान्याच्या कार्यालयातच नोंदणीची सोय केली, तर 2016 पासून ओरेगनमध्ये ती आपोआप होऊ लागली. मिनेसोटात मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येते. नॉर्थ डकोटात नोंदणीच नाही. तरीही 1845 च्या कायद्याने ठरलेला नोव्हेंबरमधील मंगळवार कायम आहे आणि त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. अध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या 2014 मध्ये मतदान 37 टक्क्यांच्याही खाली राहिले, तर टपाली मतदानाला मोठी मोकळीक मिळालेल्या 2020 मध्ये ते सुमारे 66 टक्क्यांवर गेले.

लोकमत आणि मतपेटी यांतील अंतर जनमत चाचण्यांतही उमटते. 1936 च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने लोकांचा कौल घेण्यासाठी सुमारे 1 कोटी पत्रिका पाठवल्या, 20 लाखांहून अधिक परत आल्या आणि अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी आल्फ्रेड लँडन जिंकतील असा अंदाज वर्तवला गेला. पत्ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारधारकांच्या याद्यांतून घेतलेले असल्याने मंदीत होरपळलेला गरीब वर्ग बराचसा निसटला होता, आणि पत्रिका परत पाठवणाऱ्यांत रूझवेल्ट यांच्यावर नाराज असलेल्यांचा भरणा अधिक होता. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. आजच्या चाचण्या नमुना काटेकोरपणे निवडतात, परंतु निवडणूक जवळ आली की त्यांपैकी अनेक ‘संभाव्य मतदार’ वेगळे काढतात. त्यासाठी गेल्या खेपेला मत दिले होते का, असे विचारले जाते, आणि नुकतेच घर बदललेला भाडेकरू किंवा पहिल्यांदाच मत देणारा तरुण त्या गाळणीत सहज मागे राहतो.